बेंदराची वेस कुठे बांधायची?

नव्या नांदवलीच्या मुख्य चौकात संध्याकाळी सहा वाजता फक्त एक माणूस होता. तोही चुकून आलेला. त्याची टोपी वाऱ्याने तिकडे उडाली होती. टोपी उचलून, झटकून तो निघून गेला आणि चौक पुन्हा रिकामा झाला.

“हे कसं शक्य आहे?” टेप्या म्हणाला.

टेप्या हा यंत्रमानव. त्याचं सरकारी नाव ‘नगररचना सहायक क्रमांक सात’ असं होतं. पण काहीही दिसलं की त्याच्या पोटातून मोजपट्टी सर्रकन बाहेर यायची, म्हणून गावातल्या मुलांनी त्याचं नाव टेप्या ठेवलं. त्यालाही ते आवडत असावं, कारण सरकारी नावाने हाक मारली तर तो हल्ली उशिरा ओ द्यायचा.

चौकाच्या कडेला, त्याच्या शेजारी उभी होती कार्तिकी मगदूम. वय वर्षं बारा.

गोष्ट २०७१ सालची आहे. जुनी नांदवली नदीकाठी होती. हवामान बदललं तसा पूर वरचेवर येऊ लागला. दर दोन-तीन वर्षांनी पाणी घरात शिरायचं. शेवटी सहाशे चाळीस कुटुंबांचं अख्खं गाव नऊ किलोमीटरवरच्या उंच माळावर हलवायचं ठरलं. नगररचनाकार (गावाचा, शहराचा आराखडा तयार करणारी तज्ज्ञ व्यक्ती) खोत मॅडम यांनी टेप्याच्या मदतीने नवं गाव आखलं. आठ महिन्यांपूर्वी सगळे इथे राहायला आले.

चौक म्हणजे टेप्याचा जीव की प्राण. कुठल्याही घरातून साडेतीन मिनिटांत तिथे पोहोचता येई. ऊन सरकेल तशा सरकणाऱ्या छत्र्या होत्या, हवा गार ठेवणारे तुषार होते, मधोमध कारंजं आणि भोवती चाळीस बाकं.

आणि तरीही चौकात कुणी नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे, आतापर्यंत एकतीस कुटुंबं सामान भरून जुन्या गावात परत गेली होती. पडक्या घरांत, नदीच्या तोंडाशी!

“माझं कोणतं गणित चुकलं?” टेप्याने विचारलं. “कार्तिकी, तू इथली आहेस. तूच सांग.”

“मला काय माहीत?” कार्तिकी म्हणाली. पण एक गोष्ट तिला माहीत होती. तिचे आजोबा, म्हणजे आप्पा, कालच घरात सांगून मोकळे झाले होते, “बेंदूर जुन्या गावात करायचा. मी बैलं घेऊन तिकडं चाललो.”

बेंदूर हा बैलांचा सण. त्या दिवशी बैलांना अंघोळ घालतात, शिंगं रंगवतात, पाठीवर झूल चढवतात, पुरणपोळी खायला देतात. मग गावाच्या वेशीत पानांचा दोर आडवा बांधतात. त्याला म्हणतात कर. हलगी कडाडते, बैल धावत येतात आणि छातीने तो दोर तोडतात. नांदवलीत सगळ्यांत पुढे धावायचा मान आप्पांच्या बैलांचा, हरण्या-पाखऱ्याचा होता. आप्पा जिथे जातील तिथे गाव जाणार, हे कार्तिकीला पक्कं ठाऊक होतं. बेंदूर सात दिवसांवर आला होता आणि नदी रोज वर चढत होती.

“बरं, आपण शोधून काढू,” ती म्हणाली. “तुझ्याकडे काय काय माहिती आहे?”

“पाऊलनकाशा आहे!” टेप्याने डोळ्यांतून जमिनीवर प्रकाश सोडला आणि फरशीवर गावाचा रंगीत नकाशा उमटला. “रस्त्यावरच्या खांबांत छोटे संवेदक (स्पर्श, आवाज, हालचाल ओळखणारी उपकरणं) बसवलेत. ते कुणाचा चेहरा बघत नाहीत, फक्त पावलं मोजतात. माणसं नुसती चालत जातात तिथे निळा रंग. थांबतात तिथे पिवळा. बराच वेळ थांबतात तिथे लाल.”

चौक निळाशार होता. कार्तिकी नकाशावर वाकली आणि एकदम ओरडली, “टेप्या, हे काय आहे?”

पाण्याच्या टाकीमागे निखाऱ्यासारखा लालभडक ठिपका होता.

“तिथे काहीच नाही,” टेप्या गोंधळून म्हणाला. “मातीचा भराव घसरू नये म्हणून मी दगडी पायऱ्या केल्या आहेत. बस. तिथे माणसांसाठी मी काहीही केलेलं नाही!”

“चल!”

दोघं पळत सुटले. कार्तिकीच्या चपला फटफट वाजत होत्या आणि टेप्याची चाकं खडीवरून उडत होती. टाकीला वळसा घालून ते मागे आले आणि जागीच थांबले.

पायऱ्यांवर दीड-दोनशे माणसं बसली होती! बायका मेथी निवडत होत्या. दोन पैलवान दुधाचे पेले घेऊन वरच्या पायरीवर टेकले होते. कुणाचं तरी बाळ एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर फिरत होतं. खालच्या पायरीवर मुलांचा दंगा चालला होता. समोर लांबवर शेतं पसरली होती आणि शेतांतून एक मातीचा रस्ता चढून वर येत होता.

टेप्या पहिल्या पायरीपाशी गेला. “इथे सावली नाही. बाक नाही. तुषार नाहीत. तुम्ही इथे का बसता?”

मेथी निवडणाऱ्या एका मावशींनी मान वर केली. “आता कुठं बसू मग?” असं म्हणून त्यांनी पुढची जुडी सोडली.

टेप्याने बारा जणांना विचारलं. कुणालाच कारण सांगता आलं नाही. “असंच”, “बरं वाटतं”, “सगळे येतात म्हणून”, एवढंच.

कार्तिकी मात्र पायऱ्यांकडे टक लावून बघत होती. मग तिने टेप्याचा पत्र्याचा दंड घट्ट धरला. “अरे, हा घाट आहे!”

“इथे नदी नाही. नदी नसेल तर घाट कसा असेल?”

“नदी नाही, पण बसायची पद्धत तीच आहे. बघ ना! घाटावर सगळे एकाच दिशेला तोंड करून बसायचे. बोलायचं असलं तर बोला, नाहीतर गप्प बसून पाणी बघा. तुझ्या चौकातल्या बाकावर समोरच्याच्या तोंडाकडेच बघत बसावं लागतं. आणि अजून एक. इथे कुणी नवीन आलं की बाकीचे सरकतात. तुझ्या बाकाला मधे दांडे आहेत. तिथे सरकता येतं का?”

टेप्याची मोजपट्टी अर्धवट बाहेर आली आणि तशीच लोंबत राहिली. “सरकणं,” तो हळूच म्हणाला. “हे मी कधीच मोजलेलं नाही.”

दुसऱ्या दिवशी दोघांनी खोत मॅडमना गाठलं. मॅडम पन्नाशीच्या होत्या. बोलताना पेन्सिल कानावर ठेवायच्या आणि मग तीच शोधत बसायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कार्तिकीला विचारलं, “घरी जेवताना तू कुठे बसतेस?”

“दाराजवळ. भिंतीला टेकून.”

“ते कुणी ठरवलं?”

“कुणीच नाही.”

“तिथे दुसरं कुणी बसलं तर?”

“उठवते मी त्याला!”

मॅडम खळखळून हसल्या. “बघ हं. दाराजवळची ती फरशी मोजली तर दोन बाय दोन फूट भरेल. ती झाली जागा. पण तू रोज तिथे बसतेस, घरातल्या सगळ्यांना ते माहीत आहे, तू नसलीस तर तिथे रिकामं रिकामं वाटतं. म्हणून ते कार्तिकीचं ठिकाण झालं. जागा बांधता येते. ठिकाण मात्र माणसांनी तिथे पुन्हा पुन्हा काहीतरी केल्याशिवाय होत नाही. आमच्या शास्त्रात याला स्थळनिर्मिती म्हणतात (साध्या जागेचं आपल्या ठिकाणात रूपांतर होणं).”

“आणि ते पुन्हा पुन्हा काय करायचं, हे कोण ठरवतं?” टेप्याने विचारलं.

“संस्कृती. संस्कृती म्हटलं की लोकांना स्टेजवरचा नाच आठवतो. तोही त्यात आला. पण कसं बसायचं, कुणाला आधी वाढायचं, भांडण झालं तर कुठे जाऊन मिटवायचं, हीसुद्धा संस्कृतीच. कुणी न सांगता आपण जे करतो ते सगळं. म्हणून तर त्या मावशींना कारण सांगता आलं नाही.” मॅडमनी कानावरची पेन्सिल काढली. “चूक माझी आहे. मी पाणी, ऊन, रस्ते, सगळं तपासलं. गाव हलवताना त्याच्या सवयीही बरोबर येणार आहेत, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही.”

टेप्याच्या छातीवरचे दिवे भराभर लुकलुकू लागले. “समजलं! लोकांना जुन्या गावातल्या वस्तू हव्या आहेत! बेंदराला वेस लागते ना? मी वेस देतो!”

त्याला थांबवायच्या आत तो गेलासुद्धा. दोन दिवसांत त्याने छपाईयंत्राने (थरावर थर चढवून वस्तू तयार करणाऱ्या यंत्राने) चौकाच्या मधोमध जुन्या वेशीची हुबेहूब नक्कल उभी केली. तीच कमान, तेच कोनाडे. डाव्या खांबावरचा तडासुद्धा तसाच!

अख्खं गाव बघायला आलं. लोकांनी फोटो काढले, मुलं खांबांमधून पळाली. टेप्या आनंदाने जागच्या जागी गरगर फिरत होता. मग आप्पा आले. त्यांनी खांबावर थाप मारली. खांब पोकळ वाजला.

“झकास केलंय बाबा,” आप्पा म्हणाले. “पण ही वेस हितं चौकात काय करतीया?”

टेप्याने मोजपट्टी काढून चौकाचा मध्य मोजून दाखवला.

“बेंदूर जुन्या गावातच,” आप्पा म्हणाले आणि निघाले. त्यांच्यामागून एकेक करत सगळे पांगले. अर्ध्या तासात चौक पुन्हा निळा.

त्याच संध्याकाळी खोत मॅडमनी पुराचा अंदाज वाचून दाखवला. बेंदराच्या दिवशी, सहाच्या सुमाराला, जुन्या गावाकडे जाणारा पूल पाण्याखाली जाणार होता. सण ऐन रंगात आलेला असताना!

“तिकडे जायला बंदी घाला ना!” कार्तिकी म्हणाली.

“पूल बंद केला तर लोक नदीतून बैल घालतील. ते जास्त धोक्याचं आहे,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. “त्यांना जावंसंच वाटायला नको. आणि हातात चार दिवस आहेत.”

कार्तिकी घरी आली. आप्पा गोठ्यात पाखऱ्याची पाठ घासत होते. ती पेंढीवर बसली. टेप्याने वेस बांधून दाखवली होती. पण वेशीबद्दल कुणी विचारलं होतं का?

“आप्पा, वेस कशाला असते?”

आप्पांचा हात थांबला. “कशाला म्हंजे? दिसभर रानात राबलेलं जनावर ज्या जागी घरचं हुतंय ना, ती वेस. ह्या अंगाला रान, त्या अंगाला गाव. परका माणूस तिथं दोन घटका थांबतो. नवी नवरी तिथंच मागं वळून बघती. उगं कमान म्हंजे वेस न्हवं पोरी.”

कार्तिकी पेंढीवरून उठली. “मग आप्पा, इथे रान कुठे संपतं? आणि गाव कुठे सुरू होतं?”

 आप्पांनी ब्रश खाली ठेवला आणि पाखऱ्याच्या मानेवर हात ठेवला. “आठ महिनं झालं इथं येऊन,” ते म्हणाले. “हे कुणी इचारलंच न्हाई. मीबी न्हाई.” मग त्यांनी टोपी सारखी केली. “चल. त्या पत्र्याच्या बाबालापण हाक मार.”

तिघं गावाला फेरी मारायला निघाले. शाळेच्या मागे आप्पा थांबले, मान हलवून पुढे गेले. सौरपट्ट्यांच्या कुंपणाजवळ थांबले, पुन्हा मान हलवली. मग टाकीमागच्या पायऱ्यांच्या कडेला आले. शेतातला मातीचा रस्ता चढून तिथेच गावाला भिडत होता. खालून येणारा वारा हिरव्या उसाचा वास घेऊन येत होता. आप्पांनी काठी जमिनीत रोवली.

“हितं.”

“हितं!” टेप्या आनंदाने ओरडला. “मी उद्या दुपारपर्यंत छापून देतो!”

“तू बांधायची न्हाई,” आप्पा म्हणाले. “तू मापं सांगायची. बांधणार आमी.”

मग काय विचारता! तीन दिवस नव्या नांदवलीत कुणी स्वस्थ बसलं नाही. आप्पांनी ठिकाण ठरवल्याचं कळताच लोक दगड, वासे, पहारी घेऊन आले. कमान किती उंच हवी यावरून दोन तास वाद झाला. टेप्याने हरण्याच्या शिंगाच्या टोकापर्यंतची उंची मोजली, वर शिंगाला बांधायचा गोंडा मोजला आणि वाद मिटवला. पळत येणाऱ्या बैलजोडीला वळायला किती रुंदी लागते, हे त्याने पहिल्यांदाच मोजलं. आकडा बघून तो चकितच झाला. “माझे रस्ते ट्रकसाठी बरोबर आहेत,” तो कार्तिकीला म्हणाला, “पण बिथरलेल्या बैलासाठी नाहीत!” खोत मॅडमनी लगेच आराखडा बदलला. एक दिव्याचा खांब हलवला आणि पायऱ्या दोन्ही बाजूंनी वाढवल्या. चौकातल्या बाकांचे मधले दांडेसुद्धा त्यांनी स्वतः उभं राहून कापून घेतले.

तेवढ्यात एक अडचण पुढे आली. कर कोण वळणार? हा मान पिढ्यान्‌पिढ्या मुजावरांच्या घरचा. आणि रशीद मुजावर तर परत गेलेल्या एकतीस कुटुंबांतले!

आप्पांनी त्यांना फोन लावला. “रशीद, कर औंदा नव्या वेशीत बांधायचाय. येतोस, का मीच वळू?”

पलीकडून जोरात आवाज आला. “मान आमचा हाय आप्पा! मी असताना तुमी कसा वळताय बघतो!”

दुसऱ्या दिवशी सकाळी रशीदचाचा बायकोमुलांसकट हजर झाले. मागून एक गाडी आली, मग आणखी एक. जुन्या गावातली माणसं बेंदरासाठी येत होती. टेप्या प्रत्येक गाडी मोजत होता आणि प्रत्येक वेळी त्याचा आवाज थोडा वर चढत होता.

बेंदराच्या आदल्या दिवशी दुपारी मुलांनी वेगळाच उद्योग केला. शेतात ‘सर्जा-३’ नावाचं स्वयंचलित नांगरयंत्र होतं. कार्तिकीने त्याच्या पुढच्या दोन दांड्यांना बैलांच्या शिंगांना लावतात तो लाल रंग, हुरमुंज, फासला, फुगे बांधले आणि ते वेशीपाशी आणलं.

आप्पा खवळले. “यंत्राला कसला बेंदूर?”

“आप्पा, औंदा तुमचं निम्मं रान यानंच नांगरलं,” कार्तिकी म्हणाली. “हरण्याला ऊन लागू नये म्हणून भर दुपारी हाच राबत होता.”

आप्पांनी यंत्राकडे बघितलं. मग हरण्याकडे. “मागं ठिवा,” ते म्हणाले. “बैलांच्या मागं. आणि त्याला पुरणपोळी चारू नका, काय चार्जिंग लावायचं ते लावा.”

मुलांनी एकच गलका केला. खोत मॅडम टेप्याला म्हणाल्या, “हे लिहून ठेव. संस्कृती बरणीत भरून ठेवायची वस्तू नव्हे. ती वाढते, तिच्यात नवी माणसं येतात, कधी नवी यंत्रंही येतात. आपण जागा आखताना तिला वाढायला वाव ठेवायचा.”

बेंदराचा दिवस ढगाळ उजाडला. दुपारी चारला पायऱ्या माणसांनी गच्च भरल्या. वेशीत रशीदचाचांनी वळलेला हिरवागार कर ताणून बांधला होता. खालून, शेतातल्या रस्त्यावरून, हलगीचा पहिला ठोका आला. कडाड्!

कार्तिकीने मान उंचावली. वळणावर आधी शिंगांची लाल टोकं दिसली, मग झुली, मग धूळ. पुढे आप्पा, सत्तर वर्षांचे, चक्क पळत होते! पायऱ्यांवरची सगळी माणसं उभी राहिली. हरण्या-पाखऱ्या चढावर आले, क्षणभर वेशीसमोर थबकले. आप्पांनी आरोळी ठोकली आणि बैलांनी झेप घेतली. कर तुटला! पानं हवेत उधळली. असा जल्लोष झाला की टाकीवरची कबुतरं उडाली. बैलांमागून सर्जा-३ घरघरत वेशीतून आत आला, तेव्हा त्याच्यासाठीही टाळ्या पडल्या.

“दोन हजार दोनशे साठ, दोन हजार दोनशे एकसष्ट…” टेप्या मोजत होता. मग त्याने मोजणं बंद केलं.

“काय झालं?” कार्तिकीने विचारलं.

“मला बघायचंय,” तो म्हणाला.

पावणेसहाला खोत मॅडमच्या हातातलं यंत्र वाजलं. त्यांनी ते वाचलं आणि हात वर करून हलगी थांबवली. “जुना पूल पाण्याखाली गेला,” त्या म्हणाल्या. “पाणी अंदाजापेक्षा लवकर आलं.”

 त्या पुलावर या वेळी कोण कोण असलं असतं, हे प्रत्येकजण मनात मोजत होता. पुलावर कुणीच नव्हतं. जुन्या गावातही कुणी नव्हतं; परत गेलेली एकतीसही कुटुंबं आली होती. सगळी नांदवली इथे होती. आप्पांनी काही न बोलता कार्तिकीच्या डोक्यावर हात ठेवला. 

मग रशीदचाचांनी हलगीवाल्याला खूण केली आणि हलगी पुन्हा कडाडली.

एकतीस कुटुंबांपैकी सव्वीस नव्या गावात कायमची राहिली. उरलेली पाच नातेवाइकांकडे दुसऱ्या गावी गेली. चौकाचंही नशीब फळफळलं. बाकांचे दांडे गेल्यावर तिथे शाळेतली मुलं बुद्धिबळ खेळायला बसू लागली. अर्थात चौक पाऊलनकाशावर अजून पिवळाच दिसतो. लाल व्हायला वेळ लागेल, असं खोत मॅडम म्हणतात. घाई करून ठिकाण होत नाही.

महिन्याभराने टेप्याची बदली झाली. समुद्र वर चढल्यामुळे किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्याला नव्या जागी हलवायचं होतं. जाऊन चार दिवस झाले आणि त्याचा कार्तिकीला फोन आला. मागे लाटांचा आणि माणसांचा मोठा आवाज येत होता.

“कसं आहे तिथलं?” कार्तिकीने उत्सुकतेने विचारलं. “नकाशा झाला का?”

“अजून एकही रेघ काढलेली नाही!” टेप्या म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद मावत नव्हता. “पहाटे होड्या आल्या. मी एका आजींना विचारलं, तुम्ही जाळी कुठे वाळवता? त्या म्हणाल्या, बस, आधी चहा घे.”

“पण तुला चहा पिता येत नाही!”

“हो ना. कप हातात धरून मी दीड तास ऐकत होतो. कार्तिकी, त्यांचं अजून निम्मंही सांगून झालेलं नाही!”